पतपत्र, किमान देय रक्कम आणि दामदुप्पट

विद्यार्थिमित्रहो, अंकगणितातील व्याजाची उदाहरणे सोडविताना 'द. सा. द. शे.' ही अक्षरे तुम्ही नित्य लिहीत असता. दरसाल दरशेकडा, म्हणजे शंभर रुपयांस एका वर्षाचे व्याज. ही अक्षरे शाळेत जितकी पाठ होतात तितकीच ती शाळेबाहेर विसरली जातात, आणि ज्यांच्या हाती पैसा देण्याघेण्याचा धंदा आहे ते हे विस्मरण चांगले ओळखून असतात. प्रस्तुत लेखात त्याच अक्षरांच्या साहाय्याने आजकालच्या एका कर्जाची परीक्षा करावयाची आहे. ते कर्ज म्हणजे क्रेडिट कार्डाचे; आपण त्यास पतपत्र म्हणू.

तुमच्यापैकी कोणाच्याही खिशात असे पत्र नसणार, कारण वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत कायद्याने तुम्हांस कर्जाचा करार करता येत नाही. तथापि गोव्यात किंवा मुंबईस नोकरीस असलेल्या वडील बंधूंच्या, काकांच्या, क्वचित प्रत्यक्ष आईवडिलांच्या पाकिटात ते असण्याचा संभव पुष्कळ आहे. आणि त्याचे मासिक हिशेबपत्रक मोबाइलवर आले म्हणजे ते उघडून वाचून दाखविण्याचे काम अनेक घरी तुमच्याकडेच येते. म्हणून हा लेख जितका पालकांसाठी तितकाच तुमच्यासाठी लिहिला आहे.

उधारी ही आपल्या रेडीच्या किनाऱ्यास नवी नाही. १ जून ते ३१ जुलै असे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोळ्याच्या घरी रोख पैसा येत नाही. पण चूल तर पेटली पाहिजे. मग तांदूळ, तेल, मीठ, मुलांच्या वह्या, सारे दुकानदाराच्या वहीत मांडले जाते, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटल्या गेल्या, जाळ्यास मासळी लागू लागली, की ते खाते हळूहळू फिटते. काजूवाल्याचे असेच. त्याची बी चैत्र-वैशाखात बाजारात जाते, आणि तोवरच्या उधारीची मुदत दुकानदार मनात धरून असतो. ह्या व्यवहारास लेखी करार नाही आणि व्याजही बहुधा नाही. दुकानदार आपला नफा मालाच्या भावात थोडा अधिक घेतो, हे गिऱ्हाइकासही ठाऊक असते. परंतु ह्या उधारीत दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. एक, फेडीची वेळ ही मिळकतीच्या वेळेशी जुळविलेली असते. दुसरी, खाते फार वाढले तर दुकानदार स्वतःच हात आखडतो, कारण बुडाले तर त्याचे बुडते. त्याचा हा नकार ऋणकोस त्या वेळी कडू लागतो; पण त्यानेच कितीएक घरे सावरली असतील.

पतपत्राच्या उधारीत ह्या दोन्ही गोष्टी नाहीत. फेडीची तारीख दर महिन्यास ठरलेली. समुद्र खवळलेला असो वा शांत असो, ती बदलत नाही. आणि मर्यादा असते खरी, पण नियमित हप्ते भरणाऱ्याची मर्यादा पत्र देणारी बँक पुष्कळदा वाढवून देऊ करते. ऋणको थोडे थोडे भरीत राहिला आणि मुद्दल मात्र कायम राहिले, तर असा ऋणको बँकेस नकोसा नसतो. तो तिचे उत्तम गिऱ्हाईक असतो.

हे असे का झाले, ते समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९५० साली न्यूयॉर्क शहरात 'डायनर्स क्लब' नावाची संस्था निघाली. तिचे पत्र दाखवून उपाहारगृहात जेवावे आणि महिनाअखेर सारे बिल एकदम चुकते करावे, एवढाच तो व्यवहार होता. शिल्लक पुढे ओढण्याची सोय त्यात नव्हती. ती सोय पुढे आली. १९५८ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो गावी 'बँक ऑफ अमेरिका'ने सुमारे ६०,००० लोकांस, त्यांनी मागितलेली नसताना, टपालाने पत्रे पाठविली. ह्या पत्राचा विशेष असा की, बिलाचा थोडा भाग भरून बाकी व्याजासह पुढच्या महिन्यावर टाकता येत असे. आरंभी बँकेस ह्यात मोठा तोटा सोसावा लागला. पुष्कळांनी पैसे बुडविले, लबाडीही झाली. पण बँकेने धंदा सोडला नाही, आणि त्याच पत्राचे १९७६ साली 'व्हिसा' असे नामांतर झाले. हिंदुस्थानात डायनर्स क्लब १९६१ साली आला, व बँकेचे पतपत्र १९८० साली 'सेंट्रल बँक ऑफ इंडिया'ने काढले. फ्रेस्नोच्या त्या प्रकारची पुनरावृत्ती आपल्याकडे होऊ नये म्हणून रिझर्व्ह बँकेने न मागितलेले पत्र पाठविण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे. दुकानाच्या दारात उभे राहून 'फुकट कार्ड घ्या' म्हणणाऱ्या तरुणास नम्रपणे नको म्हणण्याचा अधिकार मात्र आपला आपणच बजावावा लागतो.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहू. समजा, हिशेबपत्रक दर महिन्याच्या ५ तारखेस निघते आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. ६ तारखेस एखादी वस्तू घेतली तर तिचा हिशेब पुढच्या ५ तारखेच्या पत्रकात येईल व पैसे त्यानंतरच्या २५ तारखेस द्यावे लागतील. म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस बँकेचा पैसा विनाव्याज वापरावयास मिळाला. तीच वस्तू ४ तारखेस घेतली असती तर तीन आठवड्यांचीच सवलत मिळती. जो मनुष्य पत्रकातील एकूण देय रक्कम प्रत्येक वेळी मुदतीत पुरी भरतो, त्यास ह्या पत्राचे व्याज एक पैही पडत नाही. अशा मनुष्याच्या हाती ते सोयीचे साधन आहे आणि त्याची निंदा करण्याचे काही कारण नाही. रात्री-अपरात्री रुग्णालयात अनामत भरावी लागली, किंवा चतुर्थीस गावी येणाऱ्या मंडळींची तिकिटे अगोदर काढावी लागली, तर त्याचा उपयोग होतो.

परंतु एकूण रकमेतील थोडा भाग जरी बाकी राहिला, तरी ती सवलत जाते. मग व्याज मोजले जाते ते शेवटच्या तारखेपासून नव्हे, तर वस्तू घेतल्या दिवसापासून; आणि बाकी शून्य होईपर्यंत नव्याने घेतलेल्या प्रत्येक वस्तूवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. ज्याची बाकी राहिली आहे त्याने त्याच पत्रावर रोजचा बाजार करणे म्हणजे भोक पडलेल्या होडीत मासळी भरणे होय. पत्राने यंत्रातून रोख रक्कम काढली तर एक दिवसाचीही सवलत नाही. व्याज त्याच दिवशी सुरू होते आणि वर रक्कम काढण्याचे शुल्क पडते.

पत्रकात एकूण देय रकमेच्या खाली आणखी एक लहान आकडा छापलेला असतो: 'किमान देय रक्कम'. ह्या लेखाचा सारा भर त्या एका ओळीवर आहे. पुष्कळ सज्जन, प्रामाणिक लोक ती ओळ वाचून असे समजतात की, एवढे भरले म्हणजे ह्या महिन्याचे देणे झाले. त्यांची समजूत एका अर्थाने खरी आहे. तेवढे भरले तर उशिराचा दंड पडत नाही व नाव थकबाकीदारांत जात नाही. परंतु कर्ज फिटते काय? हिशेब करूनच पाहू.

मुद्दल २०,००० रुपये धरा. चतुर्थीच्या सुमारास घरी एक फ्रीज व एक मोबाइल आला, असे समजा. व्याजाचा दर दरमहा दरशेकडा साडेतीन रुपये धरा. पतपत्रांच्या बाबतीत हा दर मुळीच विलक्षण नाही. येथे प्रथम ती तुमची अक्षरे आठवा. साडेतीन हा आकडा लहान दिसतो, कारण तो एका महिन्याचा आहे. दरसाल केला तर तो ४२ होतो, आणि व्याजावर व्याज धरल्यास वर्षाकाठी शेकडा ५१ च्या वर जातो. आपल्या गणिताच्या पुस्तकातील उदाहरणांत असा दर कोणी घातला, तर मुद्रणदोष आहे असे तुम्ही म्हणाल.

पहिल्या महिन्याचे व्याज ७०० रुपये. देणे झाले २०,७००. किमान देय रक्कम शेकडा ५ धरली तर ती १,०३५ रुपये. एवढे भरल्यावर देणे उरले १९,६६५. म्हणजे हातचे एक हजार पस्तीस रुपये गेले, आणि मुद्दल उतरले केवळ ३३५ रुपयांनी. दुसऱ्या महिन्यापासून नवे काही एक विकत न घेता असेच बारा महिने चालविले, तर वर्षाअखेर भरलेली रक्कम सुमारे ११,३४० रुपये होते आणि देणे सुमारे १६,३३० रुपये उरते. वर्षभरात सुमारे ७,६७० रुपये व्याजात गेले. शिवाय व्याजावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर असतो, तो वेगळा. ह्या उदाहरणात तो सुमारे १,३८० रुपये होईल. आणखी पुढे चला. मूळ देणे निम्म्यावर यावयास एकेचाळीस महिने, म्हणजे तीन वर्षे पाच महिने लागतात. तोवर भरलेले असतात सुमारे ३०,८८० रुपये, आणि अद्याप दहा हजार देणे बाकीच असते! फ्रीजची हमीची मुदत केव्हाच संपलेली असते.

आता ह्याच कर्जाचा दुसरा हिशेब करा. किमान रकमेकडे न पाहता ह्या मनुष्याने दरमहा ठाम २,००० रुपये भरावयाचे ठरविले. तेच मुद्दल, तोच दर. तर बारा पूर्ण हप्ते व तेरावा सुमारे १,०५० रुपयांचा हप्ता एवढ्यात खाते बंद होते. एकूण भरले सुमारे २५,०५० रुपये. व्याज सुमारे ५,०५० रुपये. दोन्ही हिशेब कागदावर स्वतः मांडून पाहावे. आठव्या इयत्तेच्या गणिताहून त्यात अधिक काही नाही. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात फरक होता तो ९६५ रुपयांचा. तेवढ्यावरून एक मनुष्य तेरा महिन्यांत मोकळा होतो आणि दुसरा साडेतीन वर्षांनीही अर्ध्या वाटेवर राहतो. किमान रक्कम ही देण्याची लहानात लहान सीमा म्हणून छापलेली असते. वाचणारा तिला सल्ला समजतो, आणि तेथेच फसतो. ह्याच कारणास्तव रिझर्व्ह बँकेने २०२२ सालच्या निर्देशांत असे सांगितले की, केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबते व व्याज चढत जाते, अशी सूचना हिशेबपत्रकावर छापली पाहिजे. ती छापली जाते. ती कोणी वाचावी, हा प्रश्न मात्र निर्देशांनी सुटत नाही.

येथे आपल्याकडील एका जुन्या नियमाची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. 'दामदुप्पट' हा शब्द हल्ली तुम्ही पैसे दुप्पट करून देण्याच्या जाहिरातींत ऐकता. मूळचा त्याचा अर्थ अगदी निराळा, आणि ऋणकोच्या कैवाराचा होता. धनकोने एका वेळी मागावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा तो स्मृतिग्रंथांतील नियम. शंभर रुपये दिले असतील तर, कितीही वर्षे लोटली तरी, मुद्दल व थकलेले व्याज मिळून दोनशेंवर एका वेळी मागता येत नसे. मुंबई इलाख्यातील न्यायालये मूळ ऋणको हिंदू असेल तेथे हा नियम मानीत आली. हा नियम सर्व संकटांवर उपाय नव्हता, हेही सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे व्याज भरीत राहणाऱ्यास त्याचे संरक्षण नव्हते, कारण त्याचे व्याज थकतच नसे. आणि लबाड सावकार जुने खत फाडून व्याजासह नवे लिहून घेत. पुणे जिल्ह्यात सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खते व वह्या जाळल्या, त्यामागे असलीच कागदांची करामत होती. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने व्याज मुद्दलाहून अधिक देवविण्यास न्यायालयांना बंदी केली, आणि २०१४ पासून महाराष्ट्रात नवा सावकारी नियमन कायदा लागू आहे.

मग पतपत्रास हा नियम का लागू नाही? कारण सावकारीचे हे कायदे बँकांच्या कर्जास लागू नाहीत. आणि बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून असे कलम आहे की, बँकेने लावलेला दर फार आहे एवढ्यावरून न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये. ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पतपत्रावर दरसाल शेकडा ३० हून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय दिला होता. त्यावर बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी त्या न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द ठरविला. दराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतील आहे, आयोगाने त्यात हात घालावयास नको होता, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच असेल. पण आपल्यापुरता त्याचा परिणाम असा की, सावकाराच्या कर्जास जी वरची रेषा कायद्याने आखली, ती पतपत्राच्या कर्जास आज कोणी आखून दिलेली नाही. ती रेषा घरच्या वहीत आपल्यालाच आखावी लागते.

ती कशी आखावी, ह्याविषयी दोन शब्द पालकांस. ज्या घरची मिळकत पगाराची आहे त्या घरी एक साधी कसोटी पुरे: बँकेत आज जमा असलेल्या पैशांतून जी वस्तू घेता आली असती तीच पत्रावर घ्यावी, आणि बँकेस असा आदेश देऊन ठेवावा की देय तारखेस एकूण रक्कम खात्यातून आपोआप वळती व्हावी. असा आदेश देताना 'एकूण' आणि 'किमान' असे दोन पर्याय विचारले जातात. बोट 'किमान'वर जाऊ देऊ नये. ज्या घरची मिळकत मासळीवर, आंब्याकाजूवर किंवा पर्यटकांवर आहे, त्यांनी अधिक जपले पाहिजे. वैशाखात हाती पैसा खुळखुळत असताना घेतलेल्या वस्तूचे पैसे भरण्याची पाळी आषाढातही येऊ शकते, आणि आषाढात समुद्र बंद असतो. अशा घरी पावसाळ्याची बेगमी जशी माळ्यावर चढविली जाते, तशी पत्राची रक्कमही वस्तू घेतली त्याच दिवशी बाजूस काढावी. ते जमत नसेल तर वाण्याची वही किंवा गावातील सहकारी पतसंस्था हीच त्यांस अधिक सोयीची, असे माझे मत आहे.

'बिनव्याजी हप्ते' ह्या शब्दाविषयीही सावध असावे. रोखीने घेणाऱ्यास जी सूट मिळते ती हप्तेवाल्यास बहुधा मिळत नाही, प्रक्रियाशुल्क पडते, आणि त्यावर कर असतो. ह्या तिन्हींची बेरीज केली म्हणजे व्याज कोठे लपले आहे ते दिसते.

आणि जो आधीच अडकला आहे त्याने काय करावे? प्रथम त्या पत्रावरची नवी खरेदी अजिबात थांबवावी. दोन-तीन पत्रे असतील तर सर्वांची किमान रक्कम भरून उरलेला सारा पैसा ज्याचा दर सर्वांत चढा त्यावर टाकावा. एका पत्राचे देणे दुसऱ्या पत्रातून रोख काढून भरू नये. तो जुने खत फाडून नवे लिहिण्याचाच प्रकार, फक्त येथे ऋणको ते आपल्या हाताने करतो. घरात सोने असेल तर बँकेकडून वा सहकारी संस्थेकडून सोनेतारण कर्ज काढून पत्राचे देणे एकदम फेडणे पुष्कळदा स्वस्त पडते, कारण तारण असलेल्या कर्जाचा दर बराच कमी असतो. दागिना गहाण ठेवण्याची लाज वाटते; पण शेकडा ४२ चे देणे चालू ठेवण्याची वाटत नाही, हे नवल आहे. मात्र पत्र मोकळे झाले म्हणून ते पुन्हा भरले, तर दोन कर्जे होतील.

बँकेशी बोलण्यास भिऊ नये. हप्ते पाडून देण्याची विनंती लेखी करावी. काही रक्कम सोडून 'तडजोड' करण्याचा प्रस्ताव बँकेकडून आला तर त्याची नोंद पतमाहितीच्या दप्तरी राहते व पुढे घरासाठी वा शिक्षणासाठी कर्ज मागताना ती आड येते, हे ध्यानात ठेवावे. हे दप्तर ठेवणाऱ्या कंपन्या २००५ च्या कायद्यान्वये चालतात, आणि ३०० ते ९०० मधील जो आकडा त्या देतात तोच आजच्या काळी मनुष्याची 'पत' म्हणून वाचला जातो. वसुलीसाठी येणाऱ्या माणसांसही नियम आहेत. सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर त्यांनी वसुलीसाठी दूरध्वनी करावयाचा नाही, धमकी द्यावयाची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वा नातलगांत अपमान करावयाचा नाही. तसे घडल्यास तारीख व वेळ लिहून ठेवून प्रथम बँकेकडे तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. ही एकत्रित योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली.

सारे देणे फिटल्यावर पत्र नकोसे वाटले तर ते कातरून फेकणे पुरेसे नाही, कारण खाते चालूच राहते आणि वार्षिक शुल्क पडू शकते. बंद करण्याची मागणी लेखी करावी. देणे शून्य असताना अशी मागणी आल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने खाते बंद केले पाहिजे. न केल्यास पुढील प्रत्येक दिवसास ५०० रुपये तिनेच गिऱ्हाइकास द्यावयाचे आहेत. बंद झाल्याचा निरोप आला म्हणजे तो जपून ठेवावा.